मदत हवी आहे: पावसाने तलाव चढला, मासे गेले कुठे?

ऐन उन्हाळ्यात पावसाने ठाण मांडलंय. तलावाचं पाणी इतकं चढलंय की काठचं गवतही बुडालं, नेहमीची बसायची जागा तर दिसतच नाही. पाणी चहासारखं गढूळ. खोलात गळ टाकून काहीच लागत नाही.

वाहून आलेली गांडुळं-किडे खायला मासे बुडालेल्या गवतात, उथळ पाण्यात सरकतात हे ठाऊक आहे, पण तिथे गळ सारखा अडकतो. यावर उपाय काय? ओढा मिळतो तिथे गार, प्राणवायू जास्त असलेलं पाणी येतं. तिथे बसावं, की गाळामुळे मासे लांबच राहतात? अशा गढूळ पाण्यात उग्र वासाचं आमिष कोणतं चालतं? पातळी उतरू लागली की मासे लगेच खोलात परततात का?

सांडव्याजवळ जा असं मात्र सुचवू नका, तिथली ओढ जीवघेणी आहे.