नववीच्या पोराचं इन्स्टा आवरायचं तर सुरुवात कुठून करायची?

शहापूरची_आई
मुलगा मराठी शाळेत नववीत आहे. फोन अँड्रॉइड. शाळेचा ग्रुप व्हॉट्सॲपवर, गृहपाठ तिथंच येतो, म्हणून फोन काढून घेता येत नाही. इन्स्टा डिलीट केलं की ब्राउझरमधून उघडतो. ऑस्ट्रेलियात बंदीच केलीय म्हणे. आपल्याकडं तसलं काही आहे काय? नसेल तर घरच्या घरी काय करायचं, नीट सांगा की.

खानापूर_मोबाईल_रिपेअर
ताई, आधी जन्मतारीख बघा, बाकीचं नंतर. खातं उघडताना पोरं साल मागचं टाकतात. मग गुगल आणि इन्स्टा दोघांच्याही लेखी ते मोठं माणूस, आणि पोरांसाठीची कुलपं लागतच नाहीत. इन्स्टावर वय खरं असेल तर टीन अकाउंट होतं: खातं आपोआप प्रायव्हेट, अनोळखी माणसाचे मेसेज बंद, रात्री १० ते सकाळी ७ नोटिफिकेशन गप्प. १६ च्या आतल्या पोराला हे सैल करायचं तर पालकाची परवानगी लागते.

मग फॅमिली लिंक, म्हणजे पोराच्या फोनवर देखरेख ठेवायचं गुगलचं ॲप. ते तुमच्या फोनवर घ्या आणि त्याचं गुगल खातं जोडा. १३ च्या पुढच्या पोराची संमती त्याच्याच फोनवर द्यावी लागते, त्यामुळं गुपचूप जमणार नाही. आधी समोर बसवून सांगा.

ॲप ब्लॉक केल्यावर गळती सुरू होते ती अशी. क्रोममध्ये इन्स्टाची साइट वेगळी ब्लॉक करावी लागते. तेवढं करूनही कंपनीनं फोनमध्ये घालून दिलेला दुसरा ब्राउझर ती यादी मानत नाही, तो ॲप म्हणूनच बंद करा. त्या फोनमध्ये तुमचं स्वतःचं गुगल खातं असेल तर काढा, नाहीतर पोरगं प्ले स्टोअरमध्ये तुमच्या खात्यावर जाऊन हवं ते उतरवतंय. मित्राकडून एपीके (प्ले स्टोअरशिवाय ॲप घालायची फाइल) येऊ नये म्हणून बाहेरून ॲप घालायची परवानगी बंद ठेवा. सेकंड स्पेस किंवा गेस्ट युजर, म्हणजे त्याच फोनमधला दुसरा वेगळा कप्पा, उघडा आहे का तेही बघा.

आणि सगळ्यात मोठं भोक आज्जीच्या फोनचं. त्याला पॅटर्न लॉक घाला. आज्जी कुरकुरणार, तरी घाला.

शॉर्ट्ससाठी यूट्यूबची वॉच हिस्टरी पुसून बंद करा. होमवर शिफारशी येणं थांबतं, शोधून बघितलेला धडा मात्र दिसतो. लॉगआउट करून बघितलं तर यातलं काहीच लागू होत नाही, हे ध्यानात असू दे.

टिळकवाडी_वकिली
कायद्याचं थोडक्यात. ऑस्ट्रेलियाचा नियम १० डिसेंबर २०२५ पासून लागू आहे. १६ च्या आतल्यांना सोशल मीडियावर खातं नाही, दंड ४९.५ दशलक्ष ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत, आणि तो कंपनीला. पोराला किंवा आईबापाला नाही. व्हॉट्सॲप त्यात येत नाही. यूट्यूबवर खातं ठेवता येत नाही, पण लॉगिन न करता बघता येतं. म्हणजे वर सांगितलेलं लॉगआउटचं भोक तिथंही आहेच.

आपल्याकडं २०२३ चा डेटा संरक्षण कायदा. कलम ९ प्रमाणे १८ च्या आतल्यांचा डेटा वापरायला पालकाची पडताळता येईल अशी संमती हवी, आणि त्यांच्यावर पाळत ठेवून जाहिराती दाखवायला मनाई. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण हा भाग १८ महिन्यांनी लागू व्हायचा. ही बंदी नव्हे, संमतीची अट आहे.

निपाणीचे_सर
एकदम सगळं बंद करू नका. मंडळाचा गणपती, कबड्डीचे सामने, क्लासच्या नोट्स, सगळं आता त्याच ग्रुपांवर ठरतं; पोरगं तिथून तुटलं की मित्राच्या नावानं दुसरं खातं काढतं. त्या खात्यावर कुणी फोटोवरून धमकी दिली तर घरात सांगायची सोय राहत नाही, कारण सांगितलं की चोरी उघडी पडते. म्हणून आधीच सांगून ठेवा: असं काही झालं तर रागावणार नाही. चॅट डिलीट करायचं नाही, स्क्रीनशॉट काढायचे. पैसे गेले असतील तर लगेच १९३०, मुलांच्या मदतीला १०९८.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावला (आपलं बेळगावचं वडगाव नव्हे) २०२२ मध्ये संध्याकाळी ७ ला भोंगा वाजवून दीड तास सगळ्या गावाचे टीव्ही-मोबाईल बंद ठेवायला सुरुवात झाली. मोठ्यांचेसुद्धा. घरात बाप रील्स बघत बसला तर फॅमिली लिंक काय करणार?

शहापूरची_आई
धाकटी सहावीत आहे, तिच्याही खात्यात खोटं साल आहे. बदललं तर खातं जाईल काय?

खानापूर_मोबाईल_रिपेअर
इन्स्टाचं जाईल, १३ च्या आत तिथं खातंच चालत नाही. गुगलचं राहतं, पण ठरावीक दिवसांत पालकाची देखरेख जोडावी लागते, नाहीतर तेही बंद पडतं. म्हणून साल बदलायच्या आधी फोटो आणि शाळेच्या फाइल कॉपी करून घ्या, फॅमिली लिंक तुमच्या फोनवर तयार ठेवा, आणि मगच तारखेला हात लावा.