रॅम्पवरचा 'खट' आवाज

शुक्रवार रात्र, सोसायटीच्या ग्रुपवर

सी-३०२: मंडळी, गाडीतलं कोणी जाणकार आहे का इथे? मागच्या रविवारी गाडीला कॉइलओव्हर (उंची कमी-जास्त करता येणारे स्प्रिंग-शॉक) बसवून घेतले. पुढून ३५ मिमी खाली घेतलीय. दिसते झकास, पण तेव्हापासून पुढून आवाज येतात. गॅरेजवाला म्हणतो, "कॉइलओव्हर म्हटल्यावर आवाज येणारच."

सेक्रेटरी: म्हणजे तो तुम्ही होय! रोज रात्री रॅम्पवर खाडकन वाजतं. मला वाटलं ड्रेनेजचं झाकण सैल झालंय. माणसाला सांगून ठेवलंय रविवारी यायला.

सी-३०२: सॉरी सर. मी रात्रीच येतो घरी.

बी-२०१: लोअर आर्म गेले, चाकाला खालून धरणारे दांडे. माझ्या गाडीचे गेले तेव्हा सेम आवाज होता. जोडी बदलून टाक, विषय संपला.

बी-५०४: शनिवारपर्यंत गाडी गप्प आणि सोमवारपासून बोलायला लागली, तर रविवारी कशाकशाला हात लागला ते आधी बघा ना. आर्म काय तारीख ठरवून जातात?

ए-१०१: बरोबर बोललीस. आणि अरे ३०२, नुसतं "आवाज येतो" म्हणजे डॉक्टरला "दुखतंय" सांगितल्यासारखं झालं. केव्हा येतो? चालू गाडीत की उभ्या? ब्रेक मारल्यावर, वळताना, की सरळ जाताना?

सी-३०२: काका, दोन वेगळे आहेत. एक, गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवलं की मध्येच 'टण्ण' होतं, डावीकडून. दुसरा, हळू जाताना बारीक खड्ड्यांवर 'खटखट'. मोठ्या स्पीडब्रेकरवर मात्र काहीच नाही. म्हणून तर डोकं चालेना.

ए-१०१: दोन आवाज म्हणजे दोन आजार समज. एका औषधाने दोन्ही जातील अशी आशा धरू नकोस.

'टण्ण'चं आधी सांगतो, तो सोपा आहे. तुझ्या गाडीला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे शॉक आणि स्प्रिंग एकाच उभ्या खांबात. स्टिअरिंग फिरवलं की चाकाबरोबर अख्खा स्ट्रट फिरतो, स्प्रिंगसुद्धा. वरचं माउंटिंग मात्र बॉडीला बोल्टने जखडलेलं. या दोघांच्या मध्ये बेअरिंग असतं. ते अडलं, उलटं बसलं किंवा त्याच्या खालची-वरची वॉशर चुकली, तर स्प्रिंग फिरण्याऐवजी पिळली जाते. पीळ साठत जातो आणि एकदम सुटतो. तोच 'टण्ण'.

सी-३०२: मग बघायचं कसं? खोलूनच?

ए-१०१: खोलायचं नाही इतक्यात. हँडब्रेक लाव, इंजिन चालू ठेव, एकाला स्टिअरिंग सावकाश फिरवायला बसव. तू चाकाच्या कमानीतून तळहात स्प्रिंगवर सपाट टेकव. बोटं वेटोळ्यांच्या मध्ये घालायची नाहीत, हे दोनदा वाच. चांगल्या बाजूची स्प्रिंग लोण्यासारखी फिरेल. वाईट बाजूची थांबेल आणि झटका देईल. हाताला कळतं, कानापेक्षा जास्त.

बी-२०१: काका, आर्मचंही बघायला सांगा त्याला.

ए-१०१: सांगतो हो.

शनिवार

सी-३०२: काका, सापडलं! उजवी मऊ फिरते. डावीला हात लावला तर चक्क उडी मारते. सकाळी डावीकडचा स्ट्रट उतरवून घेतला. बेअरिंगच्या खाली एक जाड वॉशर हवी होती, ती बसवलीच नव्हती. स्प्रिंगची वरची सीट (बैठक) थेट माउंटिंगला घासत होती, गोल चकचकीत रेघ पडलीय. वॉशर खोक्याच्या तळाशी पिशवीत मिळाली.

बी-५०४: खोक्यात भाग उरला की समजायचं.

ए-१०१: शाबास. वरचा नट कसा आवळला?

सी-३०२: नट आवळायच्या गनने. घट्ट झालाय.

ए-१०१: इथेच लोक फसतात. गन लावली की नटाबरोबर शॉकची दांडी पण गरगर फिरते. घट्ट झाल्यासारखं वाटतं, झालेलं नसतं. शिवाय आतलं सील खराब होतं ते वेगळंच. दांडीच्या डोक्यात ॲलन कीची खाच असते. तिने दांडी धरायची आणि पान्याने नट आवळायचा, शेवटी कागदावर दिलेल्या आकड्याइतका टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर. आणि स्प्रिंगवर ताण असताना हा नट कधीच सोडायचा नाही. तोंडावर येईल.

सी-३०२: परत केला. अर्धा वळसा फिरला की! 'टण्ण' गेला. पण खटखट आहे तशीच.

बी-५०४: आता माझा नंबर. माझ्या गाडीला तीन वर्षं कॉइलओव्हर आहेत, ही खटखट मी भोगलीय. बारीक खड्ड्यांवर येते आणि मोठ्यावर नाही, हाच मोठा पुरावा आहे. कुठेतरी मिलिमीटरभर ढिलाई आहे. बारीक खड्ड्यांवर चाक झरझर वर-खाली होतं, भार सारखा दिशा बदलतो, आणि त्या फटीत लोखंड दोन्हीकडे आपटतं. मोठ्या ब्रेकरवर सगळं एकाच बाजूला दाबून बसतं, म्हणून गप्प.

आधी सोपं बघा. दोन्ही पुढची चाकं जॅकवर घ्या, खाली स्टँड लावा, नुसत्या जॅकवर विसंबू नका. स्प्रिंग हाताने फिरते का बघा. लटकल्यावर सैल पडत असेल तर चाक खाली टेकताना ती परत सीटवर आपटते. मग दोन्ही लॉक रिंगा, स्प्रिंगच्या खालची आणि अगदी तळाच्या ब्रॅकेटची. हुकासारख्या पान्याने आवळून बघा.

सी-३०२: स्प्रिंग घट्ट. रिंगा घट्ट. मार्करने खुणा पण केल्यात, सरकल्या तर दिसेल.

बी-५०४: छान. आता लिंक रॉड काढा, म्हणजे वळताना गाडी झुकू न देणाऱ्या आडव्या बारला स्ट्रटशी जोडणारे दांडे. दोन्ही बाजूंचे, एकच काढू नका. तारेने बांधून ठेवा, कशाला लागता कामा नयेत. मग कंपाउंडमध्येच फेरी मारा, रस्त्यावर जायचं नाही. वळताना गाडी जास्त झुकेल, घाबरू नका.

सेक्रेटरी: कंपाउंडमध्ये १० च्या वर नाही.

सी-३०२: हो सर. ८ ने गेलो.

सी-३०२: गप्प!! पूर्ण गप्प. रॅम्पवर पण.

बी-२०१: मग आर्म नाहीत?

ए-१०१: नाहीत.

बी-५०४: आता लिंक का वाजतेय ते शोधा, नवी आणायला धावू नका. गाडी खाली आली की जुनी लिंक लांब पडते, बारचा कोन बिघडतो, लिंकच्या टोकाचा बॉल जॉइंट (गोळ्याचा सांधा) फिरायच्या हद्दीला जातो. किंवा लिंक स्ट्रटला घासते. रंग उडालेला दिसतो का?

सी-३०२: रंग ठीक आहे ताई. बॉल पण हाताने घट्टच लागतात. नटही टॉर्क रेंचने लावले होते, ठरलेल्या जोराला 'टिक' झालं होतं.

बी-५०४: फोटो टाका. नटाच्या बाजूने, जवळून.

सी-३०२: (फोटो)

बी-५०४: हे बघा!! नट आट्यांच्या शेवटाला जाऊन टेकलाय. तुमच्या जुन्या स्ट्रटचा कान (लिंक जिथे बसते तो पत्रा) जाड होता, कॉइलओव्हरचा पातळ आहे. त्यामुळे नटाचे आटे संपले, रेंचने 'टिक' केलं, पण पत्रा आवळलाच गेला नाही. लिंक हलवून बघा, पूर्ण आवळलेली असताना.

सी-३०२: हलते. बारीकशी. मी पाच वेळा पाना लावून बघितला होता हिला.

ए-१०१: वा! हे मलाही सुचलं नसतं. कानाच्या मागे योग्य मापाची जाड वॉशर घाल. आणि आवळताना दोन्ही चाकं एकाच उंचीवर ठेव, नाहीतर बारमध्ये पीळ राहतो.

सी-३०२: घातली. फेरी मारून आलो. शांत. फक्त ब्रेकर उतरताना एक हलका 'फस्स' येतो.

बी-५०४: तो शॉकमधलं तेल व्हॉल्व्हमधून जातानाचा. तो राहू दे.

ए-१०१: एक राहिलं. आर्मच्या बुशचे (रबरी सांध्यांचे) बोल्ट गॅरेजवाल्यांनी सोडले होते का? आणि आवळले तेव्हा गाडी लिफ्टवर होती?

सी-३०२: हो, लिफ्टवरच. चाकं लटकत होती.

ए-१०१: मग बुश आत्ता कायम पिळलेले आहेत. आज वाजत नाहीत, पण काही महिन्यांत कुरकुरतील आणि फाटतील. बोल्ट ढिले कर, गाडी चाकांवर उभी राहू दे, दोन-चारदा बॉनेट दाब, मग त्याच उंचीवर आवळ. त्यानंतर चाकांची अलाइनमेंट. उंची बदलली की टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत ते, बदलतोच, टायर आतून खाल्ले जातील.

बी-२०१: बघा, आर्मचा विषय निघालाच शेवटी.

रविवार

सी-३०२: बुश झाले. अलाइनमेंट उद्या. काका, ताई, खूप आभार. सर, आता रात्री झोप लागेल तुम्हाला.

सेक्रेटरी: ड्रेनेजवाला येऊन गेला. झाकणही खरंच सैल होतं. खाली रबर घातलंय.