विकायच्या आधी घराचं काम काढावं का? पुण्यातले अनुभव लिहा

कर्वेनगरमधला आईचा दोन बीएचके विकायचा आहे. इमारत १९९० च्या आसपासची, तिसरा मजला, लिफ्ट नाही. एक एजंट म्हणतो, "चकाचक करून घ्या, भाव वाढवून मिळवून देतो." दुसरा म्हणतो, "आहे तसा द्या, घेणारा सगळं फोडणारच आहे." ज्यांनी पुण्यात जुनं घर विकलंय किंवा घेतलंय त्यांनी मनमोकळं लिहा. कुठल्या कामाचे पैसे वसूल झाले, कुठल्या कामाचे नाही?

बिबवेवाडी

आमचे वसूल झाले ते संडास-बाथरूमचे. विक्रीच्या आदल्या वर्षी खालच्यांच्या छताला ओल आली म्हणून जुना कोबा काढून नवीन वॉटरप्रूफिंग केलं, गंजलेले जीआय (लोखंडी) पाइप काढून सीपीव्हीसीचे (प्लॅस्टिकचे) टाकले. फरशी बसवण्याआधी गळतं का ते बघायला पाणी तुंबवून ठेवलं होतं, त्याचे फोटो मोबाइलमध्ये होते.

घर बघायला आलेल्या मुलाचे वडील पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी किचनच्या ट्रॉल्या उघडूनही पाहिल्या नाहीत. थेट बाथरूममध्ये गेले, नहाणी ट्रॅपची (पाणी जायच्या भोकावरची) जाळी काढली, बादलीभर पाणी ओतलं आणि ते किती वेळात जातंय हे वाकून पाहत राहिले. मग बाहेरच्या बाजूने त्याच भिंतीवर पंजा ठेवून ती गार लागते का ते बघितलं. तेवढ्यावर न थांबता खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे जाऊन "जरा तुमचं छत बघू का?" असं विचारून आले. मी फोटो दाखवले, पाइपाची बिलं दाखवली. त्यानंतर भावात घासाघीस जवळपास झालीच नाही. जुन्या घराला गिऱ्हाईक घाबरतं ते गळतीला, आणि ती भीती घालवली की पैसे मिळतात, असं माझं ठाम मत आहे.

औंध

आम्ही घेणारे होतो. मालकांनी नुकतंच फॉल्स सिलिंग, वॉलपेपर आणि जांभळ्या लॅमिनेटचं किचन केलं होतं आणि तो सगळा खर्च किमतीत धरला होता. बँकेचा व्हॅल्युअर आला, कार्पेट (भिंतींच्या आतलं वापरायचं क्षेत्रफळ) मोजला, इमारतीचं वय विचारलं, आसपासचे व्यवहार बघितले. त्याचा आकडा मालकांच्या आकड्यापेक्षा बराच खाली आला. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला बँकेने धरलेल्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यावरच्या कर्जाला ७५ टक्क्यांपर्यंतच रक्कम मिळते, मुद्रांक शुल्क त्यात धरत नाहीत. म्हणजे सजावटीसाठी मागितलेला जास्तीचा पैसा घेणाऱ्याने खिशातून घालायचा. आम्ही नाही म्हटलं. शेवटी मालक खाली आले. पुढे वॉलपेपर काढला तर मागे पोपडे होते, तेव्हापासून कुठेही ताजा वॉलपेपर दिसला की मला शंका येते.

सहकारनगर

बिबवेवाडीकरांशी सहमत, पण सोसायटी पुनर्विकासाला निघाली असेल तर हे सगळं गैरलागू. आमच्याकडे बोलणी सुरू झाल्यावर विकले गेलेले फ्लॅट कागदावरच्या कार्पेटवर गेले. नवीन इमारतीत किती जागा मिळणार एवढंच लोक विचारायचे. शेजाऱ्यांनी नुकतीच इटालियन मार्बल घातली होती, तिची दखल कुणी घेतली नाही. काम काढण्याआधी सर्वसाधारण सभेची इतिवृत्तं वाचा.

धनकवडी

भिंत पाडलेली असेल तर आधी मंजूर नकाशा काढून बघा. माझ्या बहिणीच्या घरी आधीच्या मालकांनी हॉल आणि बाल्कनीमधली भिंत काढून हॉल मोठा केला होता. दिसायला सुरेख, येणारा प्रत्येक जण खूश. पण घेणाऱ्याच्या बँकेने नकाशा आणि प्रत्यक्ष जागा जुळत नाही म्हणून कर्ज अडवलं. भिंत पुन्हा बांधून दिली तेव्हा व्यवहार पुढे सरकला. तो वाढीव हॉल कार्पेटमध्ये धरलाच जात नव्हता, म्हणजे भाव वाढायचा प्रश्नच नव्हता. लोड बेअरिंगच्या, म्हणजे सगळा भार भिंतींवरच असलेल्या जुन्या इमारतीत तर नऊ इंची भिंतीला हात लावणं म्हणजे वरच्या बिऱ्हाडांच्या जिवाशी खेळ. त्याबद्दल मला फार तळमळीने सांगावंसं वाटतं.

वारजे

रंग, स्वच्छता, नवे दिवे. बस्स. भाव वाढला नाही, पण घर लवकर गेलं. आणि हो, घराच्या आतल्या कामाआधी लोक "पाणी महापालिकेचं की टँकरचं?" हे विचारतात. आमच्या सोसायटीने गच्चीचं वॉटरप्रूफिंग केलं आणि बाहेरून लिफ्ट बसवली, त्याचा फायदा वरच्या मजल्यावरच्यांना त्यांच्या कुठल्याही किचनपेक्षा जास्त झाला.

डेक्कन

मी करसल्लागार आहे, म्हणून कुणी न लिहिलेला मुद्दा. भाव वाढो न वाढो, काम भांडवली स्वरूपाचं असेल तर त्याचा खर्च विक्रीच्या नफ्यातून वजा होतो. नवीन फरशी, नवीन वायरिंग, पाइपलाइन बदलणं असली कामं त्यात बसू शकतात. नुसता रंग, किरकोळ डागडुजी नाही. घर २४ महिन्यांपेक्षा जास्त काळ ताब्यात असेल तर २३ जुलै २०२४ पासून नफ्यावर इंडेक्सेशनशिवाय (म्हणजे महागाईप्रमाणे खरेदीची किंमत वाढवून न धरता) १२.५ टक्के कर आहे. त्या तारखेआधी घेतलेल्या घराला भारतात राहणाऱ्यांना इंडेक्सेशनसह २० टक्क्यांचा हिशोब करून जो कमी तो कर भरता येतो. सहा लाखांची बिलं असतील तर १२.५ टक्क्यांनी ७५,००० रुपये वाचतात. घर वारसाने आलं असेल तर आईवडिलांनी केलेला खर्चही धरता येतो, फक्त १ एप्रिल २००१ च्या आधीचा नाही.

अडचण एकच येते. गवंड्याला, प्लंबरला रोख दिलेलं असतं आणि हातात चिठ्ठीसुद्धा नसते. पैसे बँकेतून द्या, सही केलेली पावती घ्या, आणि विकायचा विचार नसला तरी ती खरेदीखताच्या फाइलमध्येच लावून ठेवा.