बारा वर्षांची विमा कंपनी सोडावी का?

प्रश्न:
गाडीचा विमा बारा वर्षं एकाच कंपनीकडे आहे. दावा एकदाच केला, मागून धडक बसली तेव्हा. फोनवरच्या बाईंनी गाडीआधी "तुम्हाला लागलं नाही ना?" असं विचारलं होतं. ते मी विसरलेलो नाही. पण यंदा काही कारण नसताना हप्ता बराच वाढवलाय आणि दुसरी कंपनी खूप स्वस्तात देतेय. सोडवत नाही. काय करू?

उत्तर 1:
जुना ग्राहक हलत नाही, हे धरूनच दर चढवतात. ब्रिटनमध्ये हे इतकं वाढलं की जानेवारी 2022 पासून घर आणि गाडीच्या विम्यात जुन्या ग्राहकाला नव्यापेक्षा जास्त दर लावायला नियामकाने बंदी घातली. तुमचा जिव्हाळा त्या बाईंशी आहे, दर ठरवणाऱ्यांशी नाही.

उत्तर 2:
आधी दोन्ही पॉलिसी शेजारी ठेवून वाचा. दाव्यात स्वतःच्या खिशातून किती भरायचे, सुट्या भागांवर घसारा (वापरामुळे कमी झालेली किंमत) कापणार का? स्वस्ताई बहुतेक वेळा तिथेच दडलेली असते. आरोग्य विमा असता तर मी थांबाच म्हटलं असतं, कारण जुन्या आजारांचा प्रतीक्षाकाळ, म्हणजे त्यांच्या खर्चाचा दावा मिळत नाही तो काळ, पुन्हा सुरू होऊ शकतो.

प्रश्नकर्ता:
वाचलं. नव्या पॉलिसीत खिशातून भरायची रक्कम दुप्पट आहे! जुन्या कंपनीला फोन करून दुसरीकडचा दर सांगितला, तर त्यांनी निम्मी वाढ मागे घेतली. राहतोय, पण पुढच्या वर्षी पुन्हा तुलना करणार.