धारूरच्या घाटात रेल प्रेशर पडतंय, पंप बदलू का?

तेलगावचा पिकअपवाला

रामराम मंडळी. गाडी कॉमन रेल डिझेल पिकअप, २०१७ चं मॉडेल, दोन लाख चाळीस हजार किलोमीटर पळालेली. सोयाबीनची सुगी चालू आहे. तेलगावहून धारूर, अंबाजोगाई करत लातूरच्या मोंढ्यात माल टाकतो. पंधरा क्विंटल भरले की धारूरच्या घाटात गाडी जीव सोडायलीय. अर्धा घाट तिसऱ्या गियरात नीट चढते, मग ॲक्सिलेटर पुरता दाबला तरी ओढीना. इंजिनचा दिवा लागतो आणि त्यापुढं इंजिन उठतच नाही. कडेला लावून चावी बंद करायची, पाच मिनिटं थांबायचं, की पुन्हा चालते. पुढच्या चढापर्यंत.

रिकाम्या गाडीची काही तक्रार नाही. सकाळी पहिल्या सेल्फला लागते, गरम असतानाही लगेच लागते. धूर नाही. खाली डिझेलचा थेंब नाही. स्कॅनर लावला तर पी००८७ हा कोड, म्हणजे रेलमध्ये (इंजेक्टरना डिझेल पुरवणारा सामायिक पाईप) प्रेशर कमी. डिझेल फिल्टर दोनदा बदलला, फरक शून्य. एका गॅरेजवाल्यानं हाय प्रेशर पंप बदलायला सांगितलाय, पंचावन्न हजार. मळणीवाल्याचे पैसे अजून द्यायचेत, लेकीची फी भरायचीय. पंचावन्न हजार घालून गाडी पुन्हा घाटात थांबली तर मी काय करावं?

एक गोष्ट सांगायची राहिली. टाकी फुल असली की त्रास कमी वाटतो. पण तो माझ्या मनाचा खेळ असेल.

परळीचा वाहतूकदार

दादा, इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारतात ते) बघा. माझ्या गाडीला हाच कोड होता. चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या (उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या) काढून सलाईनच्या नळ्या लावायच्या, प्रत्येकीखाली एक बाटली, आणि गाडी आयडलवर चार-पाच मिनिटं चालू ठेवायची. चारही बाटल्या सारख्या भरल्या तर ठीक. माझ्या तिसऱ्या इंजेक्टरची बाटली बाकीच्यांच्या तिप्पट भरली होती. तेवढा एक बदलला आणि काम झालं.

जालन्याहून

लाईनमध्ये हवा धरली असेल. इंजेक्टरच्या पाईपचे नट थोडे ढिले करून सेल्फ मारा, फेस निघून जाईल. ट्रॅक्टरला आम्ही असंच करतो.

अंबाजोगाईचा डिझेल मिस्त्री

आधी जालन्याच्या भावाला सांगतो. ट्रॅक्टरच्या जुन्या पंपाला ती रीत चालते, मीही तीच शिकलो. कॉमन रेलला ती रीत नाही. चालू गाडीत या पाईपमध्ये शेकडो बार प्रेशर असतं, जोर पडला की हजार बारच्याही वर जातं (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा). ढिल्या नटातून निघालेली बारीक धार हातमोज्यातून आणि कातडीतून आरपार जाते. सुई टोचल्याएवढं भोक दिसतं, सुरुवातीला दुखतही नाही, आणि काही तासांत बोट जायची पाळी येते. माझ्याकडं काम शिकणाऱ्या एका पोराला हे झालं होतं, रातोरात ऑपरेशन करावं लागलं. असं कुणाला झालं तर हात धुऊन घरी बसू नका, तडक सर्जनकडं न्या. हवा काढायची ती फिल्टरवरच्या हातपंपानं, इंजिन बंद ठेवून. हाय प्रेशरच्या बाजूला चालू गाडीत पाना लावायचा नाही.

आता तेलगावच्या दादा, तुमच्या पंपालाही अजून पाना लावू नका. तुम्ही ज्याला मनाचा खेळ म्हणलात, तीच या सगळ्यात कामाची गोष्ट आहे.

रेलमध्ये प्रेशर कमी पडायला दोनच वाटा. एक तर पंपापर्यंत पुरेसं डिझेल येत नाही, नाहीतर तयार झालेलं प्रेशर कुठून तरी निसटतंय. झिजलेला इंजेक्टर, रेलचा पाझरणारा व्हॉल्व्ह किंवा आतून झिजलेला पंप असला तर गाडी बहुधा गरम असताना सेल्फ जास्त घेते, कारण गरम डिझेल पातळ होऊन फटीतून पटकन पळतं. रेलमध्ये साधारण दोनशे बार जमल्याशिवाय गाडी सुरूच होत नाही. तुमची गरम गाडी पहिल्या सेल्फला लागते. म्हणून निसटण्याचा संशय मागं ठेवा. परळीच्या भावानं सांगितलेली बाटल्यांची तपासणी चांगली आहे, ती करायचीच, पण नंतर.

अशा बऱ्याच पिकअपमध्ये टाकीत वेगळा पंप नसतो. हाय प्रेशर पंपालाच एक छोटा गियर पंप जोडलेला असतो, तो टाकीतून फिल्टरमार्गे डिझेल ओढून घेतो. म्हणजे टाकीपासून तिथवरच्या लाईनीत दाब नसतो, ओढ असते. तिथं चीर पडली तर डिझेल गळत नाही, उलट हवा आत शिरते. खाली थेंब नाही म्हणून लाईन चांगली, असं धरून चांगला पंप बदलून घेतलेले लई जण बघितलेत मी.

गवंडी लेव्हल धरायला वापरतो तसली पारदर्शक नळी घ्या, दोन वीत पुरे. फिल्टर आणि पंपाच्या मधे बसवा, क्लिप पक्की आवळा. टाकी अर्ध्याच्या खाली असतानाच हे करा. गाडी चालू करून आरपीएम वाढवा. पहिले काही बुडबुडे सोडून द्या. पाच मिनिटांनीही माळ तुटत नसेल तर हवा शिरतेय. ही नळी तेवढ्यापुरतीच, डिझेलनं ती कडक होते, तशीच ठेवून लातूरला जाऊ नका.

दुसरं, पाच-दहा लिटरचा स्वच्छ कॅन हौद्यात बांधा, केबिनमध्ये नको. टाकीकडून फिल्टरला येणारी नळी काढून त्या जागी कॅनची नळी जोडा. रिटर्नची नळीही त्याच कॅनमध्ये सोडा, नाहीतर कॅन बघता बघता रिकामा होईल. मग माल भरून तोच घाट चढा. चढली तर दोष टाकी ते फिल्टर एवढ्यातच. नाही चढली तर पुढं बघू. स्कॅनरवाल्याला शेजारी बसवा आणि मागितलेलं प्रेशर आणि मिळालेलं प्रेशर, दोन्ही आकडे चढावर लिहून घ्या. नुसत्या कोडवरून पंप बदलायचा नसतो.

आणि गाडी घाटात मेली की लगेच टाकीचं झाकण उघडून बघा. फुस्स करून हवा आत गेली तर टाकीची श्वासनळी बुजलीय. काळ्या मातीच्या रस्त्यावर चिखल उडून सुकला की ती बुजते, आणि टाकी ओढीला अडून धरते.

तेलगावचा पिकअपवाला

मिस्त्रीदादा, चार दिवस लागले म्हणून उशिरा लिहितोय.

झाकण उघडलं, फुस्स झालं नाही. नळी लावली. फुल टाकीवर डिझेल काचेसारखं स्वच्छ. काटा अर्ध्याच्या खाली गेला आणि बुडबुड्यांची माळ सुरू झाली, ती थांबेचना. मी आणि धाकटा भाऊ दोघं बॉनेटखाली डोकं घालून बघत बसलो होतो.

मग कॅन बांधला. स्कॅनरवाला पोरगा सोबत आला. टाकीवर चढताना मागणी ११०० बार, मिळत होते ६५०, आणि दिवा लागला. त्याच चढावर, तेवढ्याच मालात, कॅनवर मागणी ११०० आणि मिळाले १०८०. धारूरच्या किल्ल्यापर्यंत गाडी एकदाही दबली नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खरं सांगतो.

टाकी उतरवली. आतला डिझेल ओढायचा प्लास्टिकचा पाईप बरोबर मधोमध चिरलेला, केसाएवढी चीर. डिझेल चिरीच्या वर असलं की काही नाही, खाली गेलं की हवा. गेल्या उन्हाळ्यात टाकी धुऊन घेतली होती, तेव्हा हा पाईप ज्यात बसतो ते टाकीतलं युनिट परत घालताना जोर लावला गेला असेल. शिवाय पाईपाच्या खालच्या जाळीवर काळा चिकट थर होता, बोटाला मळीसारखा लागत होता. युनिट आणि नवीन फिल्टर धरून साडेचार हजारात काम झालं.

हा काळा थर कशाचा? आणि पंपाला काही इजा झाली असेल का?

अंबाजोगाईचा डिझेल मिस्त्री

लई बरं वाटलं वाचून.

थर पाण्यामुळं. डिझेलच्या तळाला पाणी साचलं की त्या दोघांच्या सीमेवर बारीक जीव वाढतात, त्यांची ती मळी. तुमच्याकडं ट्रॅक्टरसाठी ड्रममध्ये डिझेल साठवता का? ड्रम उघड्यावर उभा असेल तर झाकणावर साचलेलं पावसाचं पाणी बुचातून आत झिरपतं. ड्रम सावलीत आडवा ठेवा, तळाचं शेवटचं डिझेल गाडीत घालू नका, आणि कापडातून गाळू नका, कापडाचे तंतू जाळीत अडकतात. फिल्टरखालचा पाण्याचा नट पावसाळ्यात दर आठवड्याला सोडून बघत जा.

पंपाचं म्हणाल तर त्याचं वंगण म्हणजे डिझेलच. हवा ओढत तो जितका पळाला तितका घासला गेला असणार. जुना फिल्टर फेकला नसेल तर कापून कागद उन्हात धरा. चांदीसारखी चमकणारी भुकटी दिसली तर मला लगेच कळवा आणि तोवर गाडी चालवू नका, ती भुकटी इंजेक्टरपर्यंत जाते. काळपट, मातकट दिसलं तर घाबरायचं कारण नाही.

तेलगावचा पिकअपवाला

फिल्टर गोठ्यात पडलेला सापडला. कापला. मातकट आहे, काळे डाग आहेत, चमक कुठंच नाही. दोनदा उन्हात फिरवून बघितला, भावालाही दाखवला. ड्रम बाहेरच होता, उभा. आज गोठ्यात आडवा केला. उद्या पहाटे पंधरा क्विंटल घेऊन निघतो, टाकी मुद्दाम पावच ठेवलीय.