शब्दचर्चा: स्थान, स्थानिक किंमत आणि दर्शनी किंमत

प्रश्न: ४७,०३५ मधल्या ७ ची स्थानिक किंमत विचारली की काही मुलं 'हजार' लिहितात, काही '७०००'. बरोबर काय? आणि ० ला किंमत असते का?

प्रतिसाद: ७०००. 'हजार' हे ७ चं स्थान झालं. त्या स्थानावर ७ असल्यामुळे जी रक्कम तयार होते ती स्थानिक किंमत. दर्शनी किंमत म्हणजे नुसता दिसणारा अंक, इथे ७. तो कुठेही बसवला तरी सातच. ० ची दर्शनी आणि स्थानिक, दोन्ही किमती शून्यच. तरी तो शतकाचं घर अडवून बसतो. तो काढला तर संख्या ४,७३५ होते आणि ७ ची किंमत घसरून ७०० वर येते.

शिष्यवृत्तीच्या तयारीत याचाच पुढचा प्रकार येतो: ४०,७४५ मधल्या दोन्ही ४ च्या स्थानिक किमतींतला फरक. ४०,००० वजा ४०, म्हणजे ३९,९६०. 'अंक तोच, म्हणून फरक शून्य' असं लिहिणारा दर्शनी किंमत धरून बसलेला असतो.

प्रतिसाद: लिहिताना होणारी ठरलेली चूक म्हणजे 'पाच हजार सात' चं ५०००७. मूल ऐकलं तसं लिहितं: आधी ५०००, मग शेजारी ७. 'एकं, दहं, शतं' घोकून हे सुटत नाही. ५००० ची लांब पट्टी करा, ७ ची एका अंकाच्या रुंदीची, आणि दुसरी पहिलीच्या शेवटच्या शून्यावर ठेवा. शून्य झाकलं जातं, ५००७ दिसतं. ७० ची पट्टी ठेवली तर शेवटची दोन शून्यं झाकली जातात, ५०७०.

मराठी संख्यानावांची अडचण निराळी. 'त्रेसष्ट' मध्ये तीन आधी ऐकू येतो, म्हणून ३६ लिहिलं जातं. 'एकोणसाठ' आणि 'एकसष्ट' यांची तर हमखास अदलाबदल. अशा वेळी 'सहा दशक तीन सुटे' असं म्हणवून घ्यावं आणि मगच 'त्रेसष्ट' वर यावं.

प्रतिसाद: मोठ्या संख्यांत हिंदीशी गल्लत होते. भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या गणितग्रंथातल्या क्रमात कोटीनंतर अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व येतात आणि प्रत्येक पायरी दहापट. अर्बुदाला आपण दशकोटी म्हणतो. म्हणजे अब्ज १०० कोटी, खर्व १,००० कोटी, निखर्व १०,००० कोटी. हिंदीत मात्र अरबानंतरचा (अरब म्हणजे आपला अब्ज) खरब एकदम शंभरपट. म्हणून हिंदी 'खरब' म्हणजे आपला निखर्व, खर्व नव्हे. भाषांतरात 'खरब' चं सरळ 'खर्व' केलं की आकडा दहापट खाली येतो. बिलियनला अब्ज चालतो, ट्रिलियनला 'एक लाख कोटी' म्हणणं उत्तम. निखर्वानंतरचा 'महापद्म' लिहून कोणाला कळणार?

प्रश्न: डावीकडे एकक, दशक, मग दशांश चिन्हाच्या उजवीकडे 'एकांश' का नाही?

प्रतिसाद: कारण मध्य दशांश चिन्ह नाही, एककाचं घर आहे. त्याच्या डावीकडे दशक, उजवीकडे दशांश. पुढे शतक आणि शतांश. ३.२५ मध्ये २ म्हणजे दोन दशांश, ५ म्हणजे पाच शतांश. 'तीन पॉइंट पंचवीस' असं वाचायची सवय लागली की पंचवीस चारपेक्षा मोठे म्हणून ३.२५ हे ३.४ पेक्षा मोठं वाटतं. 'तीन पूर्णांक दोन पाच' वाचा, किंवा ३.४ ला ३.४० लिहून मग तुलना करा.