दरखास्त की वसुलीचा अर्ज?

घटस्फोटानंतर ठरलेली पोटगी थकली की एक वकील म्हणतात ‘दरखास्त लावू’, दुसरे म्हणतात ‘वसुलीचा अर्ज टाकू’. दरखास्त म्हणजे विनंतीच ना? मग फरक काय?

— कोर्टाबाहेर विनंतीच. आपल्याकडच्या दिवाणी कोर्टात मात्र दरखास्त म्हणजे हुकूमनामा (कोर्टाच्या निकालाचा अधिकृत हुकूम) बजावून मागणं. दाव्यात निकाल मिळतो, तो पदरात पडतो दरखास्तीतून. हिंदू विवाह कायदा, 1955 च्या कलम 25 खाली पोटगी ठरली असेल तर कलम 28अ प्रमाणे तो हुकूम दिवाणी हुकूमनाम्यासारखाच बजावायचा, म्हणून दरखास्त. मालमत्ता जप्त होते, पगारालाही हात लागतो. एरवीच्या कर्जदाराचा बराचसा पगार जप्तीतून सुटतो. पोटगीच्या थकबाकीदाराचा फक्त एक तृतीयांश.

वसुलीचा अर्ज फौजदारी बाजूचा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं पोटगीचं कलम 125, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 144. तिथं थकबाकी दंडासारखी वसूल करतात. वॉरंट निघूनही पैसे आले नाहीत तर एक महिन्यापर्यंत कैद.

— मुदतही बघा. या वॉरंटसाठी रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज हवा. दरखास्तीला 12 वर्षं. ‘बघू पुढे’ म्हणत थांबणाऱ्यांचं नुकसान इथंच होतं.

— म्हणजे ‘आत बसून पोटगी फेडली’ हा शब्दप्रयोग बरोबर?

— बोलण्यात चालतो, कायद्यात नाही. कैद हा वसुलीचा मार्ग आहे, फेड नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानं 1989 मध्येच म्हटलंय. बाहेर आल्यावर बाकी तेवढीच.

— अवांतर : सरकारी मराठीतला ‘निर्वाहखर्च’ मला कोरडा वाटतो. ‘पोटगी’त पोट आहे, कशासाठी भांडतोय ते कळतं. आणि हा शब्द बायकोपुरता नाही. हिंदू विवाह कायद्याच्या 24 आणि 25 खाली नवराही मागू शकतो.

— आणि माझ्याकडे दोन्ही कायद्यांखालचे हुकूम असले तर?

— आधीचा हुकूम दुसऱ्या कोर्टाला सांगावाच लागतो, मग रकमेची वजावट ठरते. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, रजनेश वि. नेहा, 2020. त्याच निकालानं तुमच्या मूळ प्रश्नातली भिंतही पातळ केली : पोटगीचा हुकूम पैशाच्या दिवाणी हुकूमनाम्यासारखा बजावता येतो, असं त्यात आहे. तेव्हा 125 वाल्याच्या तोंडी ‘दरखास्त’ आली तर लगेच चूक धरू नका.